तोंडातून निघून गेलं



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्यांचा दिवस गिरणीच्या हिशेबखात्यात जायचा आणि संध्याकाळ वाचनालयाच्या टेबलापाशी. वक्त्यानं आधी गोड बोलून मग मुद्द्यावर यावं हे त्यांना मुळीच खपत नसे, असं जुने सभासद सांगतात. म्हणून थेट विषयाला हात घालतो. माणूस आगापिछा न बघता एकदम काहीतरी बोलतो, तेव्हा त्या बोलण्याला आपण काय म्हणतो आणि त्याचं काय करतो, हा आजचा विषय.

गिरगावात किंवा लालबागेत, चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या माणसाला या कामाचे शब्द शोधावे लागत नाहीत. पहिला शब्द ‘पचकला’. मुलाकडची मंडळी पोहे खात बसली आहेत, बोलणी जमत आली आहेत, आणि मुलीचा एखादा काका तिच्या वयाचा खरा आकडा सांगून मोकळा होतो. हा काका पचकला. तो खोटं बोलला नाही, वाईटही बोलला नाही, नको तिथे बोलला. ‘बरळणं’ वेगळं. त्याला ताप लागतो, नाहीतर दारू लागते, नाहीतर झोप. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही तो तिसरा. त्याला गुपित सांगणं म्हणजे चाळीच्या फळ्यावर खडूनं लिहिणं. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ हे ठेवणीतलं वाक्य आपण माहिती नसताना ठासून बोलणाऱ्यासाठी वापरतो. आणि ‘फटकळ’ हा तर प्रसंगाचा शब्दच नव्हे, तो स्वभावाचा दाखला आहे. प्रत्येक मजल्यावर एक फटकळ बाई असायची. एरवी तिला सगळे वचकून असत, पण नळावरचं भांडण दुसऱ्या मजल्याशी असलं की तिलाच पुढे करत.

यात आवाजाचे शब्द मिसळा. फटकन बोलला, फाडकन बोलला, भसकन बोलला. तिन्ही एकदमच बोलणं, पण फाडकन बोलणाऱ्याबद्दल आपल्याला आतून थोडा आदर असतो, भसकन बोलणाऱ्याची कीव येते, आणि फटकन बोलणाऱ्यापासून आपण हातभर लांब बसतो. काय बोलला हे सांगण्याआधीच त्याचं काय करायचं हे ठरलेलं असतं.

मला मात्र शब्दांपेक्षा क्रियापदांची मोठी गंमत वाटते. सापडलेला माणूस ‘मी बोललो’ असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘बोलून गेलो.’ म्हणजे बोलला आणि निघाला. त्याहून हुशार म्हणतो, ‘तोंडातून निघून गेलं.’ इथे तो स्वतः कुठे गेलाच नाही; शब्दच गेले, तो नुसता दार होता. मालवणी माणूस खांदे उडवून ‘तोंडाक इला ता बोललंय’ म्हणतो, त्यात निदान ‘मी’ शिल्लक आहे. आणि घाटावरून गिरणीत आलेला माणूस म्हणायचा, ‘बोलून बसलो.’ हे मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. बोलून गेलेला तिथून निघालेला असतो. बोलून बसलेला तिथेच असतो, निस्तरायला.

आता याच शहरानं याच्या अगदी उलट बाजूचे शब्दही जपले आहेत. हजरजबाबी. समयसूचक. शीघ्रकवी. उत्स्फूर्त. या माणसांनाही विचार करायला वेळ नसतो. त्यांच्याही तोंडून शब्द एकदमच पडतात. पण तिथे आपण टाळ्या वाजवतो. मग फरक कशात आहे? हसू आलं तर हजरजबाबी आणि भांडण झालं तर पचकला, असं उत्तर बहुतेक जण देतील. मला ते पटत नाही. आज जे मांडायचं आहे ते एवढंच, की तयारी न करता बोलणं आणि विचार न करता बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकदम बोललेलं बहुधा विचार न केलेलं नसतंच. ते फार आधीपासून विचार करून ठेवलेलं असतं. प्रश्न साठ्याचा आहे. साठा परळच्या दशावतारात बघू, गिरगाव चौपाटीवर बघू, आणि हायकोर्टातही बघू.

परळपासून सुरुवात करतो, कारण तिथे या गोष्टीची कला झाली. सोशल सर्व्हिस लीगचं दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभं राहिलं. ना. म. जोशींनी १९११ मध्ये ही संस्था काढली ती कामगारांच्या शिक्षणासाठी, आणि नाट्यगृह झालं ते कामगारांच्या रंगभूमीचं घर. तिथे कोकणातून दशावताराची मंडळी यायची. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावाचं मुंबई मंडळ प्रयोग लावायचं, आणि एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गाववाले तिकिटं काढून यायचे.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको; बाकीच्यांसाठी सांगतो. प्रयोगाआधी, नट स्वतःचं तोंड स्वतः रंगवत बसलेले असताना, मंडळीतला जाणता माणूस आख्यान सांगतो. राजा कोण, राक्षस कोण, कुणाचा प्रवेश कुणामागून, युद्ध कुठे, शेवट कुठे. एवढंच. वाक्य एकही दिलं जात नाही. मग रंगमंचावरच्या एका बाकापुढे उभं राहून दोन माणसं चार-पाच तास धर्म, नीती, पातिव्रत्य, राजाचं कर्तव्य यांवर वाद घालतात, आणि त्यातलं बरंचसं त्याच क्षणी जन्मतं. दिवसा शेतात चिखलणी करणारा माणूस रात्री असं संस्कृतप्रचुर मराठी बोलतो की आपल्यासारख्यांनी मान खाली घालावी. त्याआधी, आख्यान सुरू होण्यापूर्वी, संकासूर येऊन मालवणीत सगळ्यांची सालं काढून गेलेला असतो.

हा नट बोलण्याआधी विचार करत नाही. करूच शकत नाही, समोरचा राजा गदा घेऊन उभा असतो. पण त्याच्या मागे पुराणं ऐकण्यात गेलेली वीस-पंचवीस वर्षं असतात. भीष्म कुठल्या प्रसंगी काय बोलेल हे त्याला सांगावं लागत नाही. समोरच्यानं अनपेक्षित दाखला दिला तर त्याला उलट दाखला देता येतो. नवख्याची फजिती होते ती याच ठिकाणी. त्याची जीभ चालते, पण साठा पहिल्या अर्ध्या तासात संपतो आणि मग तो तीच तीन वाक्यं फिरवत राहतो. प्रेक्षक हे लगेच ओळखतात. शिट्टी वाजते.

डबलबारी भजनात हे आणखी उघड दिसतं. दोन बुवा समोरासमोर, दोघांची पेटी, दोघांचा पखवाज. पहिल्यानं केलेल्या निरूपणातली चूक दुसऱ्यानं पकडायची आणि त्याच्याच शब्दांत परत करायची. रात्र चढत जाते तशी भाषा खाली उतरते, कधीकधी फारच खाली, आणि तेव्हा मागच्या रांगेतले म्हातारे उठून चहाला जातात. पण चांगला बुवा चिडला तरी त्याच्या तोंडून अभंगाचाच दाखला निघतो. खेड-चिपळूणकडच्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांतही सवाल आला की जवाब द्यावाच लागतो. ‘उद्या सांगतो’ म्हणायची सोय नाही. दामोदर नाट्यगृह शंभरी ओलांडून २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं तेव्हा कलावंतांनी आवाज उठवला. वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या त्या मुख्यतः व्यावसायिक नाटकांच्या अंगानं. मला वाटतं, या बाऱ्यांचं नुकसान जास्त होतं.

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून सांगतो. आपली सगळी मराठी रंगभूमीच आधी अशी होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक केलं तेव्हा पदं रचलेली असत, ती सूत्रधार म्हणत असे, आणि पात्रांनी त्या सुमारानं आपापलं बोलायचं असे. दहा वर्षांनी भावे मुंबईला आले आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ केले, तेही तसेच. पुढे लिहिलेली नाटकं आली तेव्हा लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘बुकिश’. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चं. पुस्तकातून बोलतात म्हणून बुकिश! आज नेमकं उलटं झालं आहे. नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, आणि नटानं पदरचं वाक्य घातलं की ती ‘ॲडिशन’ ठरते.

या ॲडिशनांवरच एक माणूस मोठा झाला. नायगावच्या चाळीतला, अपना बाजारात नोकरी केलेला, बँडपथकात वाजवलेला. दादा कोंडके. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये आलं आणि दीड हजारांवर प्रयोगांपर्यंत गेलं. त्या दिवशीच्या पेपरात काय आलं आहे यावर रात्री दादांचा हवालदार काय बोलेल हे ठरायचं. सबनीसांचा मला आदर वाटतो तो अशासाठी की त्यांनी लोकनाट्यात या मोकळ्या जागा ठेवल्या. आपल्या वाक्यांवर प्रेम असलेल्या लेखकाला हे जड जातं. आणि १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरणा’नं तर सगळा प्रकार उलटा करून दाखवला. गावच्या हौशी नटांना पाठ केलेलं भाषण आठवत नाही, मग पौराणिक पात्राच्या तोंडून रोजचं मालवणी निघतं. मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं आणि त्याचे प्रयोग पाच हजारांवर गेले. घोकलेलं संपलं की माणूस घरच्या भाषेत बोलतो, हा त्या हशाचा पाया आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, थोड्या वेळानं लागणार आहे.

आता चौपाटी. २० नोव्हेंबर १९५५, रविवार. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबरात आलेला. नोव्हेंबरात काँग्रेस कार्यकारिणीचा तीन राज्यांचा तोडगा: महाराष्ट्र, गुजरात, आणि मुंबई वेगळी. शहर तापलेलं. अशा वेळी मुंबई काँग्रेसनं गिरगाव चौपाटीवर जाहीर सभा घेतली. बोलायला मोरारजी देसाई आणि स. का. पाटील. सदाशिव कानोजी पाटील हे तळकोकणातले, मुंबईचे तीन वेळा महापौर झालेले, शहराच्या नाड्या हातात असलेले. मुंबई स्वतंत्र राहावी हे त्यांचं मत त्या दिवशीचं नव्हतं. ते मत चुकीचं होतं असं मी म्हणेन, पण ते मत होतं. त्याला युक्तिवाद होता, समित्यांपुढे मांडला गेला होता, उत्तर देता येईल अशा भाषेत होता.

वाळूत जमलेल्या माणसांपुढे मात्र पाटलांनी सांगितलं की पाच हजार वर्षांनीही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. काहींच्या आठवणीत त्यांचा शब्द ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असा आहे. मोरारजींनी जोड दिली: काँग्रेस जिवंत आहे तोवर नाही. सभा उधळली. दगड आले, जोडे आले. दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, शहर बंद. कामगारांचे लोंढे परळ-लालबागेतून फोर्टकडे चालत गेले आणि फाउंटनला गोळीबार झाला. पंधरा माणसं गेली. पुढच्या जानेवारीत पुन्हा गोळीबार. मुंबईसह महाराष्ट्रासाठीच्या या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला.

त्या दोन वाक्यांमुळे माणसं मेली असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे दिल्लीतला तोडगा, पोलिसांना मिळालेले हुकूम आणि भांडवलाचं राजकारण या सगळ्याला सोडून देणं. पण त्या वाक्यांकडे नीट बघा. मुंबई वेगळी हवी, हा विचार घरून आणलेला. ‘पाच हजार’ हा आकडा बहुधा वाळूवरच सुचला असावा. पुनर्रचनेच्या कुठल्याही कागदावर पाच हजार वर्षांचा हिशेब नाही. मग तो आला कुठून? समोर बसलेल्या माणसांविषयी मनात जे वर्षानुवर्षं साठलं होतं, तिथून. मागणी नाकारणं हा राजकीय निर्णय झाला. पाच हजार वर्षं म्हणणं म्हणजे, तुमच्या पणतवंडांनीही इथे येऊन मागू नये, असं सांगणं. लोकांनी वाक्यातला आकडा सोडला आणि तुच्छता बरोबर उचलली. अनेकदा वक्ते म्हणतात की जमावाला सूक्ष्म भेद कळत नाहीत. चौपाटीवरच्या त्या जमावाला फारच सूक्ष्म भेद कळला होता. दगड मारणं त्याचं उत्तर नव्हतं, हेही खरं.

इथे आचार्य अत्र्यांना आणल्याशिवाय चालणार नाही. अत्र्यांचं लाडकं माप तुम्हाला ठाऊक आहे: गेल्या दहा हजार वर्षांत असा माणूस झाला नाही! कुणी वारलं तरी दहा हजार, कुणाचं पुस्तक आलं तरी दहा हजार. म्हणजे पाटलांच्या दुप्पट. तरी अत्र्यांच्या दहा हजारांवर शिवाजी पार्क हसायचं आणि पाटलांच्या पाच हजारांवर चौपाटी पेटली. अत्र्यांची अतिशयोक्ती ऐकणाऱ्याला मोठं करत असे, निदान आपल्यातलं मानत असे. तीच शैली विरोधकावर वळली की ते किती क्रूर होत हे त्यांच्या भक्तांनी झाकून ठेवलं आहे. मोरारजींना ‘नरराक्षस’ आणि पाटलांना ‘सदोबा’ म्हणणं यात हजरजबाबीपणा किती आणि हिशेब किती? १५ नोव्हेंबर १९५६ ला त्यांनी ‘मराठा’ दैनिक काढलं तेव्हा रोज सकाळी छापून येणारा शब्द हा काही तोंडातून निसटलेला शब्द नव्हता. त्यामागे खिळे जुळवणारा माणूस होता, प्रूफ होतं. अत्र्यांच्या नावावर सभासभांतून जे झटपट टोले सांगितले जातात, त्यांतले निम्मे तरी लोकांनीच त्यांच्या तोंडी घातले असावेत, असा माझा समज आहे. त्यानं काही बिघडत नाही. हजरजबाबी माणसाची ही कमाईच की दुसऱ्यांचे टोले त्याच्या खात्यावर जमा व्हावेत.

पाटलांच्या पाच हजार वर्षांचं काय झालं ते तुम्ही जाणता. साडेचार वर्षंही पुरी झाली नाहीत. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईतून पाटील पुन्हा उभे. केंद्रात मंत्री, शहराचे अनभिषिक्त राजे. समोर जॉर्ज फर्नांडिस, पस्तिशीतला नगरसेवक, टॅक्सीवाल्यांचा आणि पालिका कामगारांचा पुढारी. पत्रकारांनी पाटलांना विचारलं, या पोराची काही भीती? त्यावर ते बोलून गेले की देवसुद्धा मला हरवू शकत नाही. ही त्या निवडणुकीची घरोघर सांगितली जाणारी कथा आहे. फर्नांडिसांच्या माणसांनी दुसरा मुद्दाच शोधला नाही. भिंतींवर तेच लावलं: देव हरवू शकत नसेल, तुम्ही हरवू शकता. पाटील पडले.

एकच माणूस, बारा वर्षांच्या अंतरानं, एकाच मतदारांपुढे, दोन वेळा बोलून जातो. पहिल्यांदा पाच हजार वर्षं, दुसऱ्यांदा देव. दोन्ही वेळी माप तेच, मानवी आवाक्याच्या पलीकडचं. एकदा घडलं असतं तर जीभ घसरली म्हटलं असतं. दोनदा त्याच जागी घसरते तिला घसरण म्हणत नाहीत, तो उतारच तसा असतो. आणि तरीही, पाटील फक्त गर्विष्ठ होते असं समजू नका. शहर चालवण्याची त्यांची हातोटी त्यांचे विरोधकही मान्य करत. पण साठा तपासायचा तर अडचणीतल्या क्षणाचं वाक्य बघावं लागतं, उद्घाटनाचं नाही.

यावर कुणी म्हणेल, मग प्रत्येक निसटलेल्या वाक्याला असंच धरायचं का? नाही. इथेच मला आर. आर. पाटलांचं उदाहरण द्यायचं आहे, कारण ते मला अवघड जातं. नोव्हेंबर २००८. बोटीतून आलेल्या दहा जणांनी तीन दिवस हे शहर वेठीला धरलं, १६६ माणसं गेली. ज्या गिरगाव चौपाटीबद्दल आपण बोलतो आहोत तिथेच तुकाराम ओंबळ्यांनी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली आणि जीव दिला. त्यानंतर गृहमंत्री असलेले आर. आर. आबा पत्रकारांपुढे हिंदीत म्हणाले की एवढ्या मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होत राहतात. शहर संतापलं, आणि तो संताप रास्तच होता. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला.

आता साठा शोधा. ज्यांनी ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव नेलं, ज्यांच्या साधेपणाबद्दल विरोधकही शंका घेत नसत, त्या तासगावकडच्या माणसाच्या मनात मुंबईच्या मरणाबद्दल बेफिकिरी साठली होती? मला तसं वाटत नाही. वाक्य आठवून बघा. १९९५ च्या एका हिंदी चित्रपटातला तो संवाद सगळ्या देशाला पाठ आहे. आपल्या मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात तो चित्रपट वर्षानुवर्षं उतरलाच नाही. मराठीत विचार करणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यापुढे हिंदीत उत्तर द्यायचं होतं. त्याच्याकडे हिंदी होतं ते बहुधा पडद्यावरून आलेलं. दुःखाची हिंदी त्याच्यापाशी नव्हती, आणि संकटात जे वाक्य हाताला लागलं ते एका प्रेमकथेतलं निघालं. ‘वस्त्रहरणा’तल्या नटाचं घोकलेलं संपतं तेव्हा तो घरच्या भाषेत येतो. आबांना ती वाट बंद होती. मराठीत बोलले असते तर हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं असतं का? मला वाटतं, नसतं आलं. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. आणि तर्क खरा धरला तरी राजीनामा योग्यच होता, कारण त्या दिवशी गृहमंत्र्याकडे शब्द असणं हे त्याचं काम होतं. मात्र चौपाटीच्या सभेच्या पंक्तीत मी त्यांना बसवणार नाही. एकाच्या तोंडून त्याचं स्वतःचं मन निघालं, दुसऱ्याच्या तोंडून दुसऱ्याचं वाक्य.

हल्लीच्या ‘बाईट’बद्दल फार बोलत नाही. गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या नाकापुढे आठ माईक धरायचे, त्याला बोलतं करायचं, संध्याकाळी ‘जीभ घसरली’ अशी पट्टी फिरवायची आणि दुसऱ्या दिवशी ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला’ हे ऐकायचं. या खेळात दोन्ही बाजूंना आता आपापली वाक्यं पाठ झाली आहेत. निसटलेलं वाक्यसुद्धा ठरवून निसटू लागलं आहे. दशावतारी नटाला हे दाखवलं तर तो म्हणेल, हे बुकिश आहे.

शेवटचं उदाहरण हायकोर्टातलं, फाउंटनपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावरचं. जुलै १९०८. केसरीतल्या लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालू होता. न्यायमूर्ती दिनशा दावर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात जामिनासाठी टिळकांचे वकील म्हणून उभे राहिले होते. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि त्यासाठी ते एकूण २१ तास १० मिनिटं बोलले. कायद्याचे आधार, इंग्लंडातले खटले, मराठी शब्दांच्या भाषांतरावरचे आक्षेप. सगळं तयारीचं, टिपणं काढून आणलेलं. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीनं सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. दावरांनी विचारलं, काही सांगायचं आहे का. टिळकांनी इंग्रजीत दोन-तीन वाक्यं सांगितली: ज्यूरीनं काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, जगाचं नियंत्रण करणाऱ्या शक्ती या न्यायासनाहून मोठ्या आहेत, मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या सोसण्यातून माझं कार्य पुढे जावं अशी कदाचित दैवाचीच इच्छा असेल. मग दावरांनी सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड सुनावला, आणि टिळकांच्या मनाला रोगट म्हणणारे शब्दही वापरले. ते शब्द न्यायमूर्तींचे, अधिकारानं उच्चारलेले. दावरांचं नाव आलं की आजही तेच आधी आठवतात.

२१ तासांचा बचाव आज कायद्याचे अभ्यासक वाचतात. ती दोन-तीन वाक्यं मात्र कोर्टाच्या भिंतीवर कोरलेली आहेत. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या हस्ते त्या पाटीचं अनावरण झालं ते १९५६ साली, म्हणजे फाउंटनच्या गोळीबारानंतर लगेचच्या वर्षात. टिळक ती वाक्यं त्या क्षणी बोलले, पण गीतेशी त्यांची संगत तेव्हा जुनी होती. मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिलं गेलं ते त्यानंतर, त्याच साठ्यातून. आणि त्या वाक्यांना उत्तर मिळालं ते परळ-लालबागेतून. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एकेका वर्षाला एकेक दिवस. त्यांतल्या अनेकांना टिळक इंग्रजीत काय म्हणाले ते समजायचं कारण नव्हतं.

माझं बोलणं संपलं. आपल्या व्याख्यानमालेत प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवायची पद्धत आहे, आणि वक्त्याला ती फार सोयीची असते. चिठ्ठ्या चाळता चाळता उत्तर जुळवता येतं, नको ती चिठ्ठी खाली सरकवता येते. अध्यक्षांची परवानगी असेल तर आज चिठ्ठ्या नकोत. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी जागेवरच उभं राहून विचारावं.